सापाचं तोंड साहेबांकडे नको

आमच्या दुकानाच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आहे. जाडजूड, पिवळा पडलेला, सुरू होताना घरघरणारा. येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "वहिनी, हे डबडं भंगारात का घालत नाही?" मी म्हणते, "तुझं काय खातंय ते?" रोज सकाळी शटर उघडलं की मी देवाला हात जोडायच्या आधी तो कॉम्प्युटर चालू करते. तो चालू होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. हे वेड मला हरडभाऊंनी लावलं.

गोविंद हरड. मूळचे सिद्धगडाच्या पायथ्याचे, राहायला शेणव्याला, बायकोच्या माहेरी. मी त्यांना चिडवायची, "भाऊ, घरजावयाला इतका राग शोभत नाही हो." ते हसायचे नाहीत. शहापूरला स्टँडमागे आमचं बॅनर आणि लग्नपत्रिकांचं दुकान. आमचे हे गेल्यापासून मीच बघते. मला चित्रं काढणारा माणूस हवा होता, आणि हरडभाऊ रिक्षातून कॉम्प्युटर मांडीवर घेऊन आले. स्वतःचं यंत्र घेऊन कामाला आलेला असा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. म्हणाले, "वहिनी, काम द्याल ते करीन. पण हिच्यावरच करीन."

ही म्हणजे त्या कॉम्प्युटरातलं चित्र काढायचं जुनं सॉफ्टवेअर. भाऊ त्याला 'म्हातारी' म्हणत. आता सगळीकडे जे दुसरं चालतं, त्याला 'नवी'. दोघींची खरी नावं मी सांगत नाही. धंद्यातल्यांना कळतील आणि बाकीच्यांचं काही अडणार नाही. आमच्या धंद्यात चित्र रंगवत नाहीत, बांधतात. एकेक ठिपका द्यायचा, दोन ठिपक्यांमधली रेघ ओढून वाकवायची, मग रंग भरायचा. असं बांधलेलं चित्र पत्रिकेवर छापा नाहीतर चौकातल्या मोठ्या बॅनरवर, ते फाटत नाही, कडा दाणेदार होत नाहीत. म्हातारीत हे सगळं हातानं करावं लागतं. नवी बरंच आपलं आपण करून टाकते.

आता नवी इतकी झटपट असताना हा माणूस म्हातारीला का चिकटून बसलाय, हे सगळ्यांना कोडं. भाऊ प्रत्येकाला वेगळं उत्तर देत. वाशिंदच्या नव्या कॉम्प्लेक्समधला एक शिकलेला गडी आला होता, कल्याणला मोठ्या ऑफिसात डिझाइन करणारा. त्याला म्हणाले, "म्हातारीला इंटरनेट लागत नाय. आमच्या शेणव्यात लाईट टिकत नाय, तिथं इंटरनेट कुठला?" दुसऱ्याला सांगितलं, "नवीत रेघ गुळगुळीत होते. माणसाच्या हाताची रेघ जरा थरथरलीच पायजे." एका कार्यकर्त्यानं फारच पिच्छा पुरवला तेव्हा म्हणाले, "नवी मला विचारत नाय. म्हातारी विचारते." कार्यकर्ता माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवून गेला. मलाही तेव्हा तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

कारण भाऊंच्या सवयीच तशा. बडीशेप चघळत बसायचे, बोलणं कमी. ठिपके देताना मात्र तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे, जप चालल्यासारखं. आणि छापून आलेला प्रत्येक कागद उलटा करायचे. लग्नपत्रिका असो, किराणा दुकानाची पाटी असो, आधी डोकं खाली पाय वर असा धरून दारातल्या उजेडात बघायचे. मला हाक मारायचे, "वहिनी, उलटं करून बघा. ह्याची मान कुठं, शेपूट कुठं?" मी म्हणायची, "अहो, नवऱ्यामुलाच्या नावाला कुठली आलीय शेपूट?" ते मान हलवायचे आणि पुन्हा बघायचे. पाहुणे दारात ताटकळत उभे, मुहूर्त तोंडावर आणि हे कागद उलटा धरून उभे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एकदा मुरबाडकडचं एक मंडळ नागपंचमीच्या कार्यक्रमाचं बॅनर करून घ्यायला आलं. त्यांना मधोमध फणा काढलेला नाग हवा होता. भाऊ उठले, चपला घातल्या आणि बाहेर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. मंडळी वाट बघून बघून परत गेली. मी बाहेर गेले आणि जे तोंड सोडलं! "गिऱ्हाईक परत पाठवायला नागोबा स्वप्नात आला होता का तुमच्या?" भाऊ खाली मान घालून बसले होते. म्हणाले, "वहिनी, मी साप काढत नाय. एक काढलाय, तेवढा पुरा हाय." त्या आवाजानं माझा राग कुठल्या कुठे गेला. मी चहा पाठवून दिला.

पाऊस जवळ आला की हा माणूस आणखीच बदलायचा. जेवणाचा डबा तसाच परत न्यायचा. रजा मागायचा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कसलीशी भेंडोळी काखेत मारायचा आणि एसटीनं गावोगाव फिरायचा. किन्हवलीकडे दिसले, डोळखांबकडे दिसले, मुरबाडच्या आतल्या पाड्यांवर दिसले, असं लोक येऊन सांगायचे. कुणी म्हणे देवरुषीपण करतात, कुणी म्हणे बाई ठेवलीय. मी म्हणायची, असेल. एवढा तोंडाचा कडू माणूस सांभाळायला कुणी तयार असेल तर बिचारीला देव सुखी ठेवो.

मग एक दिवस शेणव्याच्या पलीकडच्या एका शाळेचे गुरुजी तणतणत दुकानात आले. "तुमचा माणूस शाळेत घुसला. भिंतीवरचं पोस्टर टराटरा फाडलं आणि त्या जागी दुसरं चिकटवून गेला. विचारलं तर उत्तर नाही. सरकारी भिंत आहे ती!" मी गुरुजींची समजूत घालून त्यांना पाठवलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि भाऊंच्या समोर खुर्ची घेऊन बसले. म्हटलं, आज सांगितल्याशिवाय उठू देणार नाही. भाऊंनी बडीशेपेची डबी खाली ठेवली. मग सांगितलं.

माझ्याकडे येण्याआधी त्यांचं मुरबाडला स्वतःचं दुकान होतं. नवी त्या भागात सगळ्यात आधी आणली ती ह्यांनीच. "मीच नाचत होतो वहिनी तिला घेऊन," ते म्हणाले. "म्हातारीवर कापड टाकून ठेवलं होतं." पावसाळ्याआधी एका संस्थेनं गावागावांत लावायला सापांचं पोस्टर करायला दिलं. त्यात दोन साप महत्त्वाचे. एक मण्यार, अतिविषारी. दुसरा कवड्या, बिनविषारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोघांच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे, त्यामुळे लोक फसतात. ओळखायची खूण एकच सोपी. मण्यारीची मान मोकळी असते, पट्टे पुढे सुरू होतात आणि शेपटीकडे दाट होतात. कवड्याचं उलट. पट्टे मानेपासूनच असतात आणि शेपटीकडे विरून जातात.

भाऊंनी साप असे काढले की बघत राहावं. प्रत्येक सापाचं अंग एकदाच काढायचं, त्याच्या पट्ट्यांची नक्षी एकदाच तयार करायची आणि ती कापड भरल्यासारखी अंगात भरून टाकायची, असं नवीत होतं. काम चुटकीसरशी झालं. संस्थेचे डॉक्टर येऊन बोट फिरवून तपासून गेले, म्हणाले, अगदी बरोबर. छापायला टाकणार, तेवढ्यात पोस्टर वाटायच्या कार्यक्रमाचा मुख्य कार्यकर्ता आला. पोस्टरच्या डाव्या बाजूला प्रमुख पाहुण्यांचा, म्हणजे पुढारी साहेबांचा, हात जोडलेला फोटो होता. कार्यकर्त्यानं पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"हरडशेठ, हे काय केलंत? दोन्ही सापांचं तोंड साहेबांकडे! चावायला निघाल्यासारखे दिसतात. विरोधक हेच मोबाईलवर फिरवतील. तोंडं तिकडं करा."

भाऊंनी दोन्ही साप धरले आणि एका झटक्यात फिरवले. तोंडं साहेबांकडून वळली. कार्यकर्ता खूश झाला. पोस्टर छापून गेलं.

"साप फिरले वहिनी," भाऊ म्हणाले, "पण पट्टे नाय फिरले. कातडं जागच्या जागी राह्यलं न् साप आतल्या आत फिरला."

मी तळहातावर बोट फिरवून बघितलं तेव्हा मला कळलं. शेपटीच्या जागी मान आली, मानेच्या जागी शेपूट, आणि नक्षी होती तिथेच. म्हणजे मण्यारीच्या मानेवर दाट पट्टे आले आणि कवड्याची मान मोकळी झाली. विषारी लिहिलं होतं त्याच्यावर बिनविषारी सापाची खूण, आणि बिनविषारी लिहिलं होतं त्याच्यावर मण्यारीची. तेच पोस्टर दोन तालुक्यांच्या शाळांत, देवळांत, समाजमंदिरांत लागलं.

"तुम्ही छापून आल्यावर बघितलं नाही?" मी विचारलं.

"बघितलं की. साहेबांचं नाव नीट आलंय का बघितलं. साहेबांचा फोटो काळा तर नाय पडला, ते बघितलं."

त्यांची धाकटी बहीण यमुना सिद्धगडाखालच्या गावात दिली होती. भावाचं पोस्टर म्हणून तिनं एक घरात लावलं होतं, देवाच्या फोटोशेजारी. भात लावणीच्या दिवसांत तिच्या ओटीवर साप निघाला. पोरं काठी घेऊन धावली. तिनं पोरांना मागे ओढलं, भिंतीवर बोट दाखवलं आणि साप कोनाड्याच्या आडोशाला जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पोटात कळा यायला लागल्या. मण्यार झोपेत चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही. घरच्यांना वाटलं, काहीबाही खाल्लं असेल. पापण्या मिटायला लागल्या तेव्हा जीपमध्ये घालून तालुक्याला आणली. तिथल्या डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. भाऊ पोचले तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं, तरी तिनं हात धरला.

"दादा, तुझ्या चित्रातलाच होता रे. मान मोकळी. बिनविषाचा. मी पोरांना मारू नाय दिला." एवढंच ती बोलली. त्यातच ती गेली.

भाऊ हे सांगत होते आणि दुकानात फक्त म्हातारीची घरघर चालू होती. मी पदरानं डोळे पुसले. मग राहवेना म्हणून विचारलं, "भाऊ, पण नवीत त्यासाठी काही सेटिंग असेलच की?"

"हाय. एक बारीक चौकोन हाय. त्याच्यात खूण केली की पट्टे पण फिरतात. मला मागून कळलं. चूक तिची नाय वहिनी, माझी."

"मग तिच्यावर एवढा राग का?"

"राग नाय, भीती हाय. म्हातारीत मी एकेक पट्टा हातानं काढतो. चुकायचं झालं तर दर पट्ट्याला चुकावं लागंल. कुठंतरी डोळा थांबंल, हात थांबंल. नवीत मी एकदाच चुकलो न् दोन तालुक्यांत चुकलो."

त्यानंतर कुणी 'डबडं' म्हटलं की मी त्याला ऐकवल्याशिवाय सोडलं नाही. यमुना गेल्यावर भाऊंनी मुरबाडचं दुकान बंद केलं होतं, म्हातारीवरचं कापड काढलं होतं आणि साप पुन्हा काढला होता. प्रत्येक पट्टा हातानं, पुटपुटत. तो काढलेला साप त्यांच्या भेंडोळ्यांत होता. दरवर्षी पावसाच्या तोंडाशी ते चुकीचं पोस्टर शोधायचे, फाडायचे आणि त्या जागी खरं लावायचे. त्याच्यावर साहेब नव्हते, की संस्थेचं नाव नव्हतं. रेघ जरा थरथरलेली होती. मी त्यांना दुकानातला कागद वापरू द्यायची. ते फिरत असेपर्यंत माझा निम्मा जीव त्यांच्या मागं. परत आले की विचारायची, "राहिलीत का कुठं?" ते म्हणायचे, "एखाददुसरं असंल." पुढं एक वर्ष असं गेलं की एकही सापडलं नाही. त्या पावसाळ्यात भाऊंनी डबा पुरा खाल्ला. नागपंचमीला तर मला म्हणाले, "वहिनी, पुरणाची दिंडं केलीत तर दोन आणा." मी चार आणली.

पण मेलं नशीब बघा. पुढच्याच वर्षी कुणीतरी जुन्या पोस्टरचा फोटो मोबाईलवर टाकला. साहेबांचा फोटो कापून टाकलेला, साप तेवढे ठेवलेले. वर लिहिलेलं, 'पावसाळा आला, ओळखा आणि जपा', खाली जोडलेल्या हातांचं चित्र. तो फोटो ह्या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरायला लागला. बचत गटांत, भजनी मंडळांत, शाळेच्या पालकांत. भाऊंना कुणीतरी कौतुकानं दाखवला, "भाऊ, तुमच्या धंद्यातल्याच माणसानं केलाय, काय हात आहे बघा." भाऊंनी मोबाईल हातात घेतला आणि सापांच्या माना बघितल्या.

"भिंतीवरचं काढता येतं वहिनी," म्हणाले. "हे कुठून काढू?"

त्यांनी खरं चित्र टाकायला सुरुवात केली. मीही टाकलं, जिथं म्हणून माझा नंबर आहे तिथं. पण ते कुणी पुढं पाठवेना. थरथरलेल्या रेघेचं, रंग फिके. आणि ते दुसरं एवढं सुबक, की देवाच्या फोटोसारखं ठेवावं. सुंदर होतं म्हणूनच ते मरत नव्हतं. मला त्या सापांचा राग यायचा, त्या रेघेचा राग यायचा, आणि भाऊंकडे बघितलं की रडू यायचं.

मग भाऊंनी काम सोडलं. जाताना म्हातारी मात्र नेली नाही. "घरी लाईटीचा भरवसा नाय. हिला रोज चालू करा वहिनी. एकदा बसली तर परत उठायची नाय. खरा साप हिच्यातच हाय, दुसरीकडं उघडला की पट्टे हलतात." मी दिवा लावल्यासारखी रोज चालू करते ती त्यासाठी.

मागच्या आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीच्या, खरेदीला मी मुरबाडच्या बाजारात गेले होते, सुके बोंबील, सोडे घ्यायला. मासळीवाल्या बायकांच्या रांगेत शेवटी भाऊ बसले होते. दाढी वाढलेली, समोर चार दगड ठेवून पोस्टर पसरलेलं. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना हाक मारत होते, "दाखव गो तुझा मोबाईल. हा साप हाय का त्यात? काढून टाकतो." लोक हसत होते. एक बाई मोबाईल पदराखाली लपवत म्हणाली, "राहू दे की बाबा. चांगलं चित्र हाय. मारू नका लिवलंय त्याच्यात, पुण्याचं काम हाय ते."

"आई गो, मान बघ त्याची, मान बघ," भाऊ सांगत होते. बाई निघून गेली. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. "वहिनी, म्हातारी चालू केली का सकाळी?"

"केली हो भाऊ."

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मी त्यांना जबरदस्तीनं चहा पाजला आणि जीपमध्ये येऊन बसले. जीप अजून माणसांनी भरायची होती. मोबाईल वाजला. आमच्या घरच्या ग्रुपवर माझ्या जावेनं, सुलूनं, तोच फोटो टाकला होता. सुलू सिद्धगडाच्या वाटेवर गावी राहते. फोटोखाली तिनं लिहिलं होतं, 'आत्ता पडवीत निघाला होता. अगदी असाच. मान मोकळी. बिनविषारी आहे म्हणून मारू दिला नाही. लाकडांत गेला.'

मी पिशव्या तिथंच टाकून भाऊंकडे पळत गेले, सुलूचं गाव सांगितलं आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचलं. आणि सवयीनं मोबाईल उलटा केला. चित्र आपोआप फिरलं आणि पुन्हा सरळ होऊन त्यांच्यासमोर उभं राहिलं. त्यांनी पुन्हा उलटा केला. ते पुन्हा सरळ झालं.

"फोन लावा," मला म्हणाले. मी लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा सुलूनं उचलला, हसतच होती. "अगो काय झालं एवढं? हात भरले होते माझे. आभाळ भरून आलं म्हणून पडवीतली लाकडं आत घेतली. चुलीपाशी रचून झाली बघ आत्ताच."

मी ओरडले, "घराबाहेर हो! पोरांना घे आणि बाहेर हो!" पलीकडे ती विचारत होती, का गो, का? मी मान वळवली तर भाऊ जागेवर नव्हते. पोस्टर काखेत, पायात एकच चप्पल, कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून ते बाजाराबाहेर पडत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

सुलूनं मागून सगळं सांगितलं. भाऊ दारात आले, पोरांना अंगणात उभं केलं आणि चुलीजवळचं एकेक लाकूड चिमट्यानं उचलून बाहेर काढलं. प्रत्येक लाकूड उलटं करून बघितलं. मग कोनाडे बघितले, भाताच्या कणगीमागं बघितलं, अंथरुणं झटकली. सगळ्यांना खाटेवर मच्छरदाणी खोचून झोपायला सांगितलं, दारावर आपलं पोस्टर चिकटवलं आणि पुढच्या गावाला निघून गेले. साप सापडला नव्हता.